भिंगताईने धरलेला डूख

भिंगताई समोरच्याशी बोलताना डावा डोळा मिटून घ्यायची. सवयच होती तशी. उजव्या डोळ्यात भिंग बसवायचं, डावा घट्ट मिटायचा आणि घड्याळाच्या पोटात वाकून बघत राहायचं, यातच सगळं आयुष्य गेलं. त्यामुळे भिंग काढलं तरी डावा डोळा आपला मिटलेलाच. एकदा नवीन आलेल्या पोस्टमनला वाटलं, बाई आपल्याला डोळा मारतेय. गडी आठवडाभर झकास भांग पाडून यायला लागला. शेवटी शेजारच्या शिंप्याने त्याला बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं, तेव्हा तो असा काही ओशाळला की पुढे भिंगताईचं टपाल शिंप्याकडेच टाकायचा.

हसण्यासारखं तेवढंच. बाकी त्या बाईच्या वाटेला कुणी जात नसे. जिन्याखालच्या खोपट्याएवढ्या जागेत तिचं दुकान. एक टेबल, मान वाकडी करता येणारा दिवा, सुटे भाग झाकायला काचेच्या वाट्या, आणि गिऱ्हाइकाला बसायला काहीच नाही. बसवून घ्यायची तिला हौसच नव्हती. टेबल मात्र तिने मुद्दाम असं लावलं होतं की मान वर केली की समोरचं दुकान दिसावं. रस्त्यापलीकडचं. मोठ्या काचेचं, झगझगीत दिव्यांचं, तिच्या धाकट्या भावाचं.

भावाचं कसलं? वडिलांचं! आणि वडिलांच्या हाताखाली तिथे घडली कोण? ही. शाळेतून आली की दप्तर टाकून वडिलांच्या शेजारी स्टुलावर. स्प्रिंग कशी गुंडाळायची, तेलाचा थेंब सुईच्या टोकावर कसा तोलायचा, चिमट्यात धरलेलं चाक श्वासाने उडू नये म्हणून श्वास कधी सोडायचा, हे सगळं तिने शिकून घेतलं. धाकटा तेव्हा गल्लीत चेंडू बडवत होता. मोठा झाल्यावर गल्ल्यावर बसायला लागला आणि गोड बोलायला शिकला. त्याला तेवढंच येत होतं, पण ते फार छान येत होतं.

वडील गेले, आणि महिना सरायच्या आत धाकट्याने कुलूप बदललं. वर म्हणतो कसा, "ताई, राग मानू नकोस. आता सेलच्या घड्याळांचा जमाना आलाय. आणि गिऱ्हाइकांना कसं, पुरुष कारागीर असला की भरवसा वाटतो." आयुष्यभर जिच्या हातावर दुकान चाललं तिला भरवशाच्या गोष्टी! हे बोलताना त्याची उजवी भुवई वर गेली होती. लहानपणापासूनची खोड. खोटं बोलायला लागला की ती भुवई आपोआप चढायची, त्याच्या नकळत. वडिलांच्या टेबलावरची काच फोडून "मांजराने पाडली" म्हणाला तेव्हाही चढली होती. आईला ती कधी दिसली नाही, वडिलांना दिसली नाही. ताईला मात्र प्रत्येक वेळी दिसली.

त्या दिवशी ती भांडली नाही, रडली नाही. "माझी हत्यारं गोळा करते, तासभर दे," एवढंच म्हणाली. तो उदार मनाने चहा प्यायला गेला. दुकानाच्या दर्शनी काचेत वडिलांचं मोठं लंबकाचं घड्याळ उभं होतं, माणसाहून उंच. सगळा बाजार त्यावर आपली वेळ लावायचा. तिने त्याचं दार उघडलं, लंबक थांबवला आणि आतला पोलादी आकडा अलगद काढून घेतला. बोटाच्या पेराएवढा तुकडा. चाकाचा एकेक दाता अडवायचा आणि सोडायचा, एवढंच त्याचं काम. पण तो नसला की सगळं घड्याळ म्हणजे नुसतं लाकडी कपाट. आकडा रुमालात बांधून ती बाहेर पडली.

तिचा बेत साधा होता. घड्याळ बंद पडणार, दहा कारागीर हात टेकणार, मग हा नाक मुठीत धरून आपल्याकडे येणार. आणि झालं काय? त्या गोडबोल्याने घड्याळाचीच गोष्ट करून टाकली! "बाबा गेले आणि घड्याळ थांबलं हो. त्यालाही दुःख सहन झालं नाही." गिऱ्हाइकं चुकचुकायची, बायका डोळे पुसायच्या, आणि जाताना एखादं भिंतीवरचं घड्याळ घेऊन जायच्या. भिंगताई रस्त्यापलीकडून बघायची आणि नुसती जळायची. चोरी आपण केली, आणि त्यावर धंदा हा करतोय! उघडपणे सांगावं तर आपणच चोर ठरणार. म्हणून मग तिने डूख धरला. आकडा डबीत, डबी खणात, आणि खणाची किल्ली गळ्यात.

वर्षं गेली. समोरून बिघडून आलेलं एखादं घड्याळ हातात पडलं की ती भर रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायची, "समोर गेला होतात वाटतं?" त्याने थोडं बरं वाटायचं. पण थोडंच.

मग डोकं दुखायला लागलं. डाव्या कानशिलावर, ठणठण. त्या बाजूला कंगवा लावला तरी जीव जायचा. सफरचंद चावताना जबडा असा भरून यायचा की दोन घासांनंतर ते बाजूला ठेवावं लागे. तिने स्वतःच निदान केलं. समोर मान वर करून बघितलं की डोकं उठतं, म्हणजे हे त्या हलकटाचंच दुखणं. त्याची एकदा जिरली की आपोआप थांबेल. डॉक्टर कशाला हवा त्याला?

आणि एका सकाळी शिंपी धापा टाकत बातमी घेऊन आला. समोरच्या दुकानाला पन्नास वर्षं होणार होती. रविवारी सकाळी सगळा बाजार बोलावला होता, व्यापारी मंडळाचे अध्यक्ष येणार होते. आणि अध्यक्षांनी म्हणे सगळ्यांसमोर विचारलं होतं, "त्या दिवशी तरी तुमच्या वडिलांचं घड्याळ चालू दिसेल ना? घड्याळजींच्या घरात बंद घड्याळ, बरं दिसत नाही हो." भिंगताईने चिमटा खाली ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती मनापासून हसली, आणि हसताना जबडा दुखला म्हणून शिवी हासडली.

दुपारी भाची आली. धाकट्याचीच मुलगी, पण आत्यावर जीव असलेली. मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्तवाहिन्यांवर काम करायची. बापाने निरोप्या म्हणून पाठवलं होतं, ते तिच्या तोंडावरच दिसत होतं.

"आत्या, बाबा विचारतायत—"

"बाबांना तोंड आहे ना? त्यांना म्हणावं, रविवारी सगळ्यांदेखत बोला. 'ताईशिवाय हे घड्याळ चालणार नाही, तिला घालवलं ही माझी चूक झाली,' हे शब्द. मग मी हात लावीन."

"तुम्ही दोघांनी मिळून मला वीट आणलाय," भाची म्हणाली. पण तिची नजर आत्याच्या कानशिलावर खिळली होती. तिथली शीर दोरीसारखी जाड होऊन वर आली होती. भाचीने नुसतं बोट लावलं तर भिंगताई कळवळली.

"कधीपासून हे? जबडा दुखतो? डोळ्यांचं काय?"

"डोळ्यांना काय धाड भरलीय? दिवसभर केसाएवढी स्प्रिंग बघते मी."

"उजव्याने बघतेस. डाव्याने कधी बघितलंस?"

भिंगताईने भिंग उचललं आणि डाव्या डोळ्याला लावलं. काळं. भिंगावर काही बसलंय म्हणून तिने ते पदराला पुसलं, पुन्हा लावलं. काळंच. मग भिंग बाजूला ठेवून उजव्या डोळ्यावर हात धरला. दिवा गेला, टेबल गेलं, भाची गेली. तो डोळा कधी गेला होता हे तिला ठाऊकच नव्हतं. मिटलेल्या डोळ्याची खबर कोण घेतो?

भाचीने दुकानाचं दार स्वतः लावलं आणि आत्याला हाताला धरून इस्पितळात नेलं. डॉक्टर शांत माणूस होता, पण तपासून झाल्यावर त्याची शांतता गेली. "डावा गेलाय, बाई. तो परत येईल अशी आशा मी देणार नाही. पण हा आजार एका डोळ्यावर थांबत नाही. उजवाही असाच, न सांगता जाईल. आज जाईल, परवा जाईल. आत्ता दाखल व्हा, सलाइनमधून औषध सुरू करतो."

"रविवारनंतर," भिंगताई म्हणाली.

डॉक्टरने भाचीकडे बघितलं. भाचीने कपाळावर हात मारला. तासभर हुज्जत झाली, आणि शेवटी निदान गोळ्या तरी आजपासून, मोठ्या डोसच्या, यावर तोडगा निघाला. चिठ्ठी लिहिता लिहिता डॉक्टर म्हणाला, "झोप उडेल, चेहरा थोडा सुजेल, हाताला थोडी थरथर येईल. घाबरू नका."

थरथर! बाकी काहीही सांगितलं असतं तर चाललं असतं त्या बाईला. चेहरा सुजून भोपळ्याएवढा झाला असता तरी तिने हूं का चूं केलं नसतं. पण ज्या रविवारी साऱ्या बाजारासमोर आकडा बसवायचा, त्या रविवारी हात थरथरायचे? आणि तो समोर उभा राहून बघणार? घड्याळजीला डोळ्याआधी हाताची काळजी. दुसऱ्या कुठल्या माणसाने ही चूक केली नसती, पण तिने ती त्याच क्षणी करून टाकली. "रिकाम्या पोटी नको ना? घरी जाऊन जेवते आणि घेते," असं शहाण्या मुलीसारखं म्हणाली, आणि गोळ्यांची पट्टी घरी गेल्यावर आकड्याच्या डबीत ठेवून दिली.

संध्याकाळी भाची जेवणाचा डबा घेऊन आली. तिला बसायला दिलं नाही, तर ती खाटेच्या कडेवर टेकली.

"मला सांग तरी," भिंगताई म्हणाली, "हे आहे काय? कुठला जंतू आहे?"

"जंतू नाही, आत्या. तुझ्याच अंगातल्या पहारेकरी पेशी आहेत. शिरेच्या भिंतीत बसलेल्या असतात. कशाने तरी त्या बिथरतात आणि आरोळी ठोकतात. आरोळी म्हणजे आवाज नाही, एक रसायन सोडतात. केमोकाइन म्हणतात त्याला. त्याचा वास लागला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिकडे धावत सुटतात. शिरेला आतून एक नाजूक अस्तर असतं, त्याला चिकटतात, फटीतून आत घुसतात."

"म्हणजे बाजारात कुणी 'चोर चोर' ओरडल्यावर लोक धावतात तसं."

"तसंच. आणि आलेला प्रत्येक जण पुन्हा तेच रसायन सोडतो, म्हणून आणखी येतात. मग सगळे मिळून भिंतच ओरबाडायला लागतात. अस्तर दुखावतं, भिंत आतून सुजते, वाट बंद होत जाते. पलीकडे डोळा रक्तावाचून मरतो."

"आणि चोर?"

"चोर नसतोच गं. तीच तर गंमत आहे."

"माझ्या बाबतीत आहे," भिंगताई ताडकन म्हणाली. "समोरच्या दुकानात गल्ल्यावर बसलाय."

भाची हसली नाही. "त्या पेशींनाही असंच वाटत असतं, आत्या. गोळी घेतलीस?"

"घेतली."

भिंगताईची भुवई चढायची नाही. ती खोटं बोलली तर कुणाला कळायचं नाही, आणि भाचीला कळलंही नाही. "गोळी त्यांची आरोळी बंद करते," एवढं सांगून, डबा घासून ती निघून गेली.

तीन दिवस तिने कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. शनिवारी उजव्या डोळ्यापुढून धुक्याचा पडदा सरकून गेला, क्षणभर. तिने दिव्याला शिवी दिली आणि डबी उघडली. गोळ्यांकडे बघितलं. मग हात पुढे धरून बोटं पसरली. एकही बोट हलत नव्हतं. दगडासारखा हात. तिने गोळ्या आकड्याशेजारी तशाच राहू दिल्या, झाकण लावलं आणि डबी कमरेला खोचली. एक दिवस. फक्त एक दिवस, मग काय सलाइन लावायची ती लावा. त्या दिवसाची तिने इतकी वर्षं वाट बघितली होती. बोलायचं वाक्य केव्हाचं घोटून ठेवलं होतं. पण तिला खरी भूक वाक्याची नव्हती. ते ऐकताना त्याचं तोंड कसं होतं ते तिला बघायचं होतं.

रविवारी बाजार लोटला. अध्यक्ष आले, चपलावाला आला, भांडीवाली आली, शिंपी तर इस्त्रीचा सदरा घालून सगळ्यांच्या पुढे. भिंगताई हत्यारांची पेटी घेऊन रस्ता ओलांडून आली आणि त्या उंबऱ्यावर इतक्या वर्षांनी पाऊल ठेवलं. कुणाकडे बघितलं नाही. सरळ घड्याळाचं दार उघडलं, पाठ लोकांकडे केली आणि भिंग लावलं.

"बोल," ती म्हणाली.

मागून भावाचा आवाज आला, पाठ करून आल्यासारखा. "ताईशिवाय हे घड्याळ चालणार नाही. तिला घालवलं... ही माझी चूक झाली." भांडीवाली कुजबुजली, "बाई गं!" भिंगताईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पण ती वळली नाही. ही तर नुसती सुरुवात होती. तिने कमरेची डबी चाचपली, आकडा मुठीत लपवून आत नेला आणि कामाला लागली. टोकं साफ केली, तेल दिलं, आकडा भोकासमोर धरला.

आणि उजेड गेला.

"दिवा कुणी घालवला?" ती खेकसली.

"कुणीच नाही ताई," शिंपी म्हणाला. "लख्ख ऊन पडलंय."

तिने भिंग काढलं. डोळा चोळला. भिंगाशिवायही तेच. पण हात? हात तसेच होते, दगडासारखे. कुणाला काही कळू न देता तिने बोटांनी भोक शोधलं, आकड्याची टोकं एकेक करून बसवली, पट्टी कसली, लंबक टांगला आणि हलकेच ढकलला.

टिक. टॉक. टिक. टॉक.

टाळ्यांचा कडकडाट झाला. शिंप्याने शिट्टी मारली. भिंगताई वळली, आवाजाच्या दिशेने तोंड केलं, आणि घोटलेलं वाक्य सणसणीत म्हणाली, "दुःखाने-बिखाने थांबलं नव्हतं हे! यातला आकडा मी काढून नेला होता. ज्या दिवशी याने मला हाकललं त्या दिवशी. आणि या घड्याळजीच्या पोराला इतकी वर्षं कळलंसुद्धा नाही की आत भाग कमी आहे!"

क्षणभर फक्त घड्याळ ऐकू आलं. मग चपलावाला फिस्सकन हसला, आणि त्याच्या मागून आणखी दोघंतिघं. किती गोड होतं ते हसू! ती आ वासून त्या काळोखात बघत राहिली. कुठे होता तो? पडला असेल ना चेहरा? काळवंडला असेल ना?

"माहीत होतं मला, ताई," भावाचा आवाज आला. अगदी जवळून. "पहिल्याच दिवशी बघितलं मी. आकडा नव्हता. तुला कुणी चोर म्हणू नये म्हणून ती बाबांची गोष्ट रचली."

हसू थांबलं. भांडीवालीने मोठ्याने उसासा टाकला. भिंगताईने कान टवकारले. खरं बोलतोय हा? की चार लोकांत नाक कापलं गेलं म्हणून जागच्या जागी थाप मारतोय? मारेल! हा मारेलच! आणि समजा खरं असेल, तर इतकी वर्षं आपण... तिने दोन्ही हात पुढे केले, त्याचं कपाळ शोधायला. "ती भुवई," ती ओरडली, "याची भुवई बघा कुणीतरी! वर गेलीय का?"

हातात हात आला तो भाचीचा. "आत्या," भाची अगदी हळू म्हणाली, "तू कुठे बघतेयस?" मग आत्याच्या कमरेची डबी तिने उघडली असावी, कारण पट्टीचा कागद वाजला, आणि एकही गोळी कमी नाही हे दिसल्यावर त्या पोरीने फोडलेला हंबरडा बाजाराने ऐकला.

इस्पितळात जे करायचं ते सगळं केलं. उजव्या डोळ्यात थोडा उजेड परत आला, खिडकी कुठे आहे ते कळण्याइतका. तबकडी नाही, काटे नाहीत, माणसाचं तोंड नाही. डोकं दुखायचं मात्र थांबलं. हाताला थरथर आली, डॉक्टर म्हणाला होता तशी, आणि आता त्या थरथरीचं कुणाला काही सोयरसुतक नव्हतं.

भिंगताई अजून जिन्याखाली येऊन बसते. समोरचं घड्याळ चालूच आहे, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. तिने बसवलेलं ते, बिघडेल कसं? दर तासाला ठोके देतं, आणि दर ठोक्याला ती दात खाते, कारण आकडा पुन्हा काढून आणायचा म्हटलं तरी आता आणणार कोण? भाऊ रोज दुपारी चहा घेऊन येतो. "ताई, शप्पथ, मला माहीत होतं," असं म्हणतो. ती चहा पिते आणि रिकामा कप पुढे करते.

तो गेला की मात्र ती माणसं पकडते. त्या दिवशी तिथे असलेल्या एकालाही तिने सोडलेलं नाही. चपलावाल्याला विचारून झालं, भांडीवालीला विचारून झालं, अध्यक्षांनासुद्धा निरोप धाडला. शिंप्याला तर दर दोन दिवसांनी विचारते, की बाबा रे, तू सगळ्यांच्या पुढे होतास, तो बोलला तेव्हा त्याची उजवी भुवई वर गेली होती का?

शिंपी सुईत दोरा ओवता ओवता थांबतो. "काय सांगू भिंगताई," तो म्हणतो, "इतक्या वर्षांनी चालू झालेलं. आम्ही सगळे घड्याळाकडेच बघत होतो."